'कामी', 'कप्पा', 'सामुराई' : मराठीत काय म्हणायचं?

फासेवाला : आमच्या चौघांच्या रोल-प्लेइंग गेमच्या ग्रुपसाठी मी जपानी धर्तीची एक मोहीम, म्हणजे खेळायची गोष्ट, लिहितोय, काळ साधारण १२वं शतक संपता संपताचा, तलवारी, मंत्रतंत्र, डोंगरातली भुतं सगळं एकत्र. खेळताना आम्ही मराठीतच बोलतो आणि तिथेच घोळ झालाय. कामी म्हणजे जपानी दैवत, पण "पुढे कामीचं देऊळ दिसतंय" म्हटलं की एकजण विचारतो कुणाच्या कामी, ऱ्हस्व करून 'कमी' म्हटलं तर अजूनच वाट लागते. नदीतून कप्पा, म्हणजे तिकडचं पाण्यातलं भूत, वर आला तर "कुठल्या कपाटाचा?" म्हणून पाच मिनिटं हसत बसले, घाबरवायचा सीन होता राव तो. तर सरळ मराठी शब्द द्यावेत की जपानीच ठेवावेत? सध्या सामुराईला शिलेदार केलंय आणि ओनीला, म्हणजे तिकडच्या शिंगवाल्या दैत्याला, राक्षस.

जुनी वही : शिलेदार नको. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, म्हणजे शब्दाचं सगळं वजन घोडा कुणाचा यावर आहे. सामुराई आलाय 'साबुराउ' या क्रियापदावरून, अर्थ जवळ राहून सेवा करणं, तैनातीत असणं. व्युत्पत्तीच धरायची तर आपला जवळचा शब्द 'हुजऱ्या' निघतो! तो आता पुढेपुढे करणाऱ्यासाठी वापरतात त्यामुळे गेला, पण त्याच हुजूरवरून आलेली 'हुजुरात' म्हणजे धन्याची स्वतःची खास फौज, तिला अजून मान आहे. नुसता लढवय्या हवा असेल तर जपानीतही 'बुशी' हा वेगळा शब्द आहेच. आणि एक, तुझ्या काळातला सामुराई आधी घोड्यावरचा तिरंदाज, मग तलवारबाज. त्यांच्या विद्येला नावच 'धनुष्य आणि घोड्याची वाट' असं होतं. सगळ्यांना कताना तलवारी वाटून मोकळा होऊ नकोस, तेव्हा कमरेला 'ताची' तलवार लटकायची, धार खाली करून.

फासेवाला : कॅरेक्टर शीट परत लिहायला लागणार म्हणजे. मग रोनिन? 'एकांडा शिलेदार' कसं वाटतं?

जुनी वही : ऐकायला झकास आहे, पण एकांडा माणूस आपल्या मर्जीने एकटा असतो. रोनिनचा धनी मेलेला असतो नाहीतर त्याने हाकललेलं असतं. अक्षरशः अर्थ 'लाटेवरचा माणूस', पाणी नेईल तिकडे. 'बिनधन्याचा' म्हण, पुरतं. (आजच्या जपानमध्ये युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा नापास होऊन पुन्हा तयारी करणाऱ्या पोरालाही रोनिनच म्हणतात, म्हणजे आपला रिपीटर.)

पाचवा फासा : शोगुनला पेशवा का नाही? क्योतोत नावाचा सम्राट आणि कामाकुरात खरी सत्ता, हे सातारा-पुणेच झालं की.

जुनी वही : मांडणी तशीच, पण हुद्दा वेगळा. पेशवा म्हणजे पंतप्रधान. ११९२ साली मिनामोतो नो योरितोमोला शोगुनची जी पदवी मिळाली तिचा अर्थ 'रानटी लोकांना जिंकणारा महासेनापती'. आणि टेबलावर पेशवा म्हटलंस की सगळ्यांच्या डोळ्यापुढे पगडी आणि शनिवारवाडा येणार, मग तिथून जपान परत आणून दाखव. शोगुन सगळ्यांना कळतो, राहू दे.

कोकणी कावळा : कप्प्यासाठी आमच्याकडे शब्द तयार आहे, गिऱ्हा. पाण्यातलं भूत, माणसाला ओढून नेतं. फक्त कप्प्याच्या डोक्यावर पाण्याची वाटी असते, आपण वाकून नमस्कार केला की तोही उलट वाकतो, पाणी सांडतं आणि सगळी ताकद जाते. गिऱ्हा एवढा सभ्य नाही. तरी पहिल्यांदा ऐकवताना "गिऱ्ह्यासारखं काहीतरी" म्हण, कपाट कुणाला आठवणार नाही. ओनीला राक्षस मात्र करू नकोस, कारण आपला राक्षस बौद्ध ग्रंथांतून चीनमार्गे तिकडे आधीच पोचलाय, 'रासेत्सु' नावाने. उद्या तो मोहिमेत आला तर त्याला काय म्हणशील? यमाचाही एन्मा झालाय आणि सरस्वतीची बेंझाइतेन, हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य.

पाचवा फासा : म्हणजे बेंझाइतेनला सरस्वती म्हणायचं?

कोकणी कावळा : नाही ना, तीच तर गोम आहे, नातं खरं असूनही चित्र चुकतं. सरस्वती म्हटलं की शाळेतलं पाटीपूजन आठवतं.

फासेवाला : ओन्म्योजी राहिला. मांत्रिक?

जुनी वही : मांत्रिक म्हटलं की स्मशान आणि लिंबू. ओन्म्योजी सरकारी नोकर होता, दरबारात त्यांचं खातंच होतं, पंचांग करणं, कुठल्या दिशेला कधी जाऊ नये ते सांगणं हे रोजचं काम. आबे नो सेइमेइ (९२१ ते १००५) त्यातलाच. अर्धा जोशी, अर्धा पंचाक्षरी (भूत उतरवणारा), वर पगारी. मी तरी 'दरबारी पंचाक्षरी' म्हणेन.

कामीचं अवघड आहे खरं. 'देव' शब्द मोठा पडतो, कारण धबधबा, दगड, जुनं झाड, कशातही कामी असतो. ते 'ऐंशी लाख कामी' म्हणतात ते आपल्या तेहेतीस कोटींसारखंच, मोजायला कुणी बसलेलं नाही. जागेपुरता असेल तर 'राखणदार' चालून जाईल. पण दरबारातल्या विद्वान मंत्र्याचं, सुगावारा नो मिचिझानेचं काय? आळ घेऊन त्याला राजधानीपासून दूर दाझाइफुला पाठवलं, तिथे तो ९०३ साली गेला, ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडली तेव्हा दरबाराला खात्रीच पटली की हे त्याचंच काम. शेवटी देऊळ बांधून तेंजिन म्हणून पुजला, आज परीक्षेआधी पोरं त्याच्याच पाया पडतात. म्हणजे आधी समंध, मग देव, आणि विद्येचा देव! हे सगळं एका शब्दात बसवणारा 'कामी'च. तो ठेव, मागे मराठी शेपूट लाव.

फासेवाला : पटलं. मग शनिवारपासून 'कामीदेव'.

पाचवा फासा : एकदा मोठ्याने म्हणून बघ.

फासेवाला : ...कामदेव. राहू दे, 'कामीदैवत' लिहितो.