सॅमसंग एम३१ घ्यावा का? वापर: द्राक्षबाग, ऊन आणि औषधाचे हात

द्राक्षवाला_तासगाव
६ मार्च २०२०

मंडळी नमस्कार. सॅमसंग गॅलेक्सी एम३१ चा सेल कालपासून सुरू झालाय. ६ जीबी रॅम, ६४ जीबी मेमरी, ऑफर धरून १४,९९९. घ्यावा का नको, दोन दिवस डोकं चालेना. यूट्यूबवर बघावं तर सगळे एसीत बसून गेम खेळून दाखवतात. उन्हात फोन धरून कोणी बोलत नाही, म्हणून इथं विचारतोय.

तीन एकर बाग आहे, थॉमसन आणि सोनाका. फोनचं माझं मोठं काम म्हणजे पानाचा फोटो. आमचे सल्लागार सांगलीत बसतात, त्यांच्याकडं तीस-चाळीस जणांचे प्लॉट, रोज बागेत येणं त्यांना जमत नाही. मग आम्ही फोटो टाकायचा आणि त्यांनी औषध सांगायचं. पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि पान उलटं केलं की त्याच जागी पांढरी बुरशी, म्हणजे डाऊनी. वरूनच राख शिंपडल्यासारखं असेल तर भुरी. दोन्हीची औषधं वेगळी. फोटो धूसर गेला की ते म्हणतात, "दादा, परत काढा." तोवर औषध फवारायचा ब्लोअर भरून उभा.

आत्ताचा फोन तीन वर्षांचा आहे. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत. दुपारी बागेत स्क्रीन बघायला गेलो की माझंच तोंड दिसतं. फोटो नीट आलाय का ते घरी आल्यावर कळतं. बॅटरी चार वाजता मान टाकते. मोटारीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, तेव्हा दोन वाजता उठून मोटार बघायची, त्यात फोनचीच बॅटरी पेटवून फिरायचं. म्हणजे दिवसा कॅमेरा आणि रात्री कंदील.

एम३१ ची ६००० एमएएचची बॅटरी वाचून जीव अडकलाय. पण प्रोसेसर जुना आहे असंही वाचलं. जाणकारांनी सांगावं. गेम खेळत नाही, पोरगा खेळतो पण त्याला देणार नाही.

पीसीएमसी_गेमर
७ मार्च २०२०

भाऊ, नको घेऊ. एक्सिनॉस ९६११ प्रोसेसर आहे त्यात. तोच चिपसेट सप्टेंबरमध्ये आलेल्या एम३० एस मध्ये होता, ए५१ मध्ये पण तोच. सहा महिन्यांनी कॅमेरा बदलून, रॅम वाढवून तोच माल परत. त्याच पैशात रेडमी नोट ८ प्रो मध्ये हेलिओ जी९०टी प्रोसेसर मिळतो. हजार रुपये वाढव, पोको एक्स२ घे, १२० हर्ट्झ स्क्रीन, स्नॅपड्रॅगन ७३०जी, लोण्यासारखा चालतो. रियलमी ६ परवाच आलाय, ३० वॉट चार्जिंग, तासाभरात फुल. एम३१ ला १५ वॉटचा चार्जर. गणित कर: ६००० एमएएच म्हणजे साधारण २३ वॉट-तास. १५ वॉटने भरायला बसलास, त्यात वाटेत थोडी गळती, शेवटच्या वीस टक्क्यांना वेग कमी. अडीच तास कुठं गेले नाहीत. २०२० मध्ये अडीच तास कोण थांबतं?

वाहक_पंढरपूर
७ मार्च २०२०

गेमरभाऊ, आम्ही थांबतो. रात्री झोपतो ना आम्ही, तेवढ्यात होतं चार्ज.

दादा, मी एसटीत वाहक आहे. दिवाळीत एम३० एस घेतलाय, तुम्ही म्हणताय त्याचा थोरला भाऊच. सकाळी सहाची गाडी घेऊन निघते ती मुक्कामाला दुसऱ्या डेपोत. तिथल्या विश्रांतीगृहात बारा जणांत दोन प्लग, त्यातला एक सैल. तो फोन घेतल्यापासून मी त्या प्लगाच्या रांगेत उभी राहिले नाही. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येते तेव्हा वीस-पंचवीस टक्के शिल्लक असते. माझा वापर म्हणजे फोन, व्हॉट्सअॅप आणि एफएम. एफएमला हेडफोनची वायर लावावीच लागते, तीच एरियल. एम३१ ला पण हेडफोनचं गोल भोक ठेवलंय, हल्ली ते सुद्धा बघून घ्यावं लागतं.

स्क्रीनचं सांगते. हिशेब लिहायची वेळ आली की खिडकीतून ऊन थेट फोनवर येतं, तरी वाचता येतं. घरातल्या दुसऱ्या फोनचं तसं नाही. कारण काय ते मला ठाऊक नाही, दुकानदार 'अमोलेड अमोलेड' म्हणत होता.

आणि एक. दोन सिम घालून वर मेमरी कार्डाला वेगळी जागा आहे. ते सिम काढा आणि कार्ड घाला असं नाही.

सोल्डर_मिरज
८ मार्च २०२०

मालक, मी अकरा वर्षं फोन उघडतोय. स्पेसिफिकेशन सगळे सांगतील, मी उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो.

अमोलेड म्हणजे मागं बल्ब नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. काळा भाग म्हणजे बंद भाग. म्हणून अक्षर उठून दिसतं, आणि बॅकग्राउंड काळी ठेवली तर बॅटरीही वाचते. या किमतीत बाकीच्यांचे बहुतेक एलसीडी आहेत, म्हणजे मागं बल्बवाले. तुमच्या कामाला अमोलेडच बरा.

पण त्याचं दुसरं टोक ऐका. फुटला की रडवतो. एलसीडीचा फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, बदलायला जेवढे लागतात त्याच्या दुपटीनं, कधी जास्त. मग गिऱ्हाईक म्हणतं "दुसरं काही स्वस्तातलं बसवा". बाजारात अमोलेडच्या जागी बसणारे साधे कॉपी फोल्डर मिळतात. बसतात, टच चालतो, घरात फरक कळत नाही. उन्हात न्या, मग कळतो. म्हणून पहिल्या दिवशी टफन, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायची जादा काच, आणि जाड रबरी कव्हर. त्या शंभर-दोनशे रुपयांत कंजूषपणा करू नका.

फिंगरप्रिंट मागच्या बाजूला आहे, मला ते आवडतं. स्क्रीन बदलली तरी त्याला काही होत नाही. मागचा भाग प्लास्टिकचा, ओरखडे येतात पण काचेसारखा फुटत नाही. पाण्याचं मात्र कुठलंही रेटिंग नाही. औषध मारताना खिशात ठेवत असाल तर प्लास्टिकच्या पिशवीत. बोर्डो मारणाऱ्यांचे फोन माझ्याकडं येतात, चार्जिंग पिनमध्ये निळं-पांढरं मीठ बसलेलं असतं. मोरचूद आणि चुना, दुसरं काय होणार. कोरड्या लाकडी काडीनं साफ करा, टाचणी घालू नका.

द्राक्षवाला_तासगाव
८ मार्च २०२०

काका, टाचणी आजवर घालतच होतो. कळलं.

बोटांचं विचारायचं राहिलं. माझे ठसे रेशनच्या मशीनवर पण उठत नाहीत, तिथं आईला न्यावं लागतं. तर फिंगरप्रिंट मागं असो का पुढं, मला पॅटर्नच काढायचा आहे. प्रश्न कॅमेऱ्याचा. ६४ मेगापिक्सेल आणि वर ५ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो. पानाला मॅक्रोच लागेल ना?

सोल्डर_मिरज
८ मार्च २०२०

नाही. मॅक्रो शोभेचा आहे. ठरलेल्या तीन-पाच सेंटीमीटरवरच स्पष्ट दिसतं, फोकस हलत नाही. तेवढं जवळ गेलात की फोनचीच सावली पानावर. मुख्य कॅमेऱ्यानं वीतभर लांबून काढा, ६४ चा पर्याय मुद्दाम चालू करून. एरवी तो चार ठिपक्यांचा एक करून १६ चाच फोटो देतो. मग हवा तेवढा तुकडा कापा. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका. फोटो म्हणून टाकलात की तो दाबून पाठवतो, आणि बुरशी नेमकी त्या दाबण्यात जाते.

पीसीएमसी_गेमर
१४ मार्च २०२०

बातमी बघितली का? १ एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के. १५ हजारांच्या फोनला सरळ आठशे रुपये फोडणी. घ्यायचा तर आता घे. रेडमी नोट ९ प्रो पण आलाय परवा, ५०२० एमएएच, १२,९९९. अजून सांगतो, एम३१ नको.

द्राक्षवाला_तासगाव
१५ मार्च २०२०

माल उतरायचा चाललाय, व्यापाऱ्याचा चेक आला की लगेच टाकतो ऑर्डर. आठवड्याचा प्रश्न आहे.

द्राक्षवाला_तासगाव
२५ ऑक्टोबर २०२०

तो आठवडा कुठला यायला. लॉकडाऊन लागला, व्यापारी गायब, निम्मा माल वेलीवर. तो उतरवून रॅकवर टाकला आणि बेदाणा केला, दुसरा इलाज नव्हता. फोन जूनमध्ये घेतला, वाढीव जीएसटीसकट. गेमरभाऊ, तुझे आठशे रुपये गेले ते गेलेच.

आता साडेचार महिन्यांनी सांगतो.

बॅटरीला शंभरपैकी शंभर. रात्रीची मोटार, बॅटरी पेटवून तासभर चालणं, सकाळी पोराची ऑनलाइन शाळा. हो, शेवटी पोराच्या हातात गेलाच, शाळेनंच दिला त्याच्या हातात. एवढं होऊन संध्याकाळी तीस टक्के. चार्जिंग हळू आहे हे खरं. एकदा रात्री लावायचा विसरलो आणि सकाळी अर्ध्या तासात भरेल म्हणून बसलो, फार काही भरलं नाही. चूक माझी. आता ताटावर बसलो की लावतो.

वेग ठीक. कॅमेरा उघडायला क्षणभर घेतो, ६४ चा फोटो साठवायला अजून थोडा. वाऱ्यात पान हलत असेल तर तो क्षण जाणवतो, मग डाव्या हातानं देठ धरायचा. स्पीकर एकच आणि तोही खाली, आडवा धरला की तळहातानं बंद होतो. वजन १९१ ग्रॅम लिहिलंय, कव्हर धरून सदऱ्याचा खिसा ओढतंय.

आता खरी गोष्ट. यंदा छाटणी झाली आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तो पाऊस आला. पंढरपूरकडं काय झालं ते ताई जाणतातच. आमच्याकडं पान तीन दिवस वाळलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी एका पानावर वरून काहीच नव्हतं, फक्त फिकट वाटत होतं. उलटं केलं, वीतभरावरून ६४ मध्ये काढला आणि तिथंच, उन्हात उभा राहून, दोन बोटांनी मोठा केला. शिरेच्या कडेला मिठाचे दोन खडे ठेवावेत तसं पांढरं. डोळ्याला दिसलं नव्हतं. डॉक्युमेंट म्हणून टाकला, वीस मिनिटांत फोन आला, "दुपारच्या आत मारा." मारलं. शेजारच्या प्लॉटला संध्याकाळी कळलं, त्यांचे घड गळाले. आमचेही थोडे गेले, पण बाग राहिली.

मॅक्रो कॅमेरा एकदाच उघडला, पोरानं मुंगीचा फोटो काढायला.

वाहक_पंढरपूर
२६ ऑक्टोबर २०२०

दादा, बाग वाचली हे बरं झालं. आमच्याकडं चंद्रभागेचं पाणी बघून छाती दडपली होती. गाड्या आत्ता कुठं नीट सुरू झाल्यात. फोन चालू, प्लगाच्या रांगेत अजून उभी नाही.

नवा_सभासद_जत
१९ नोव्हेंबर २०२३

जुना धागा वर काढतोय, माफ करा. ओळखीतला एकजण वापरलेला एम३१ साडेपाच हजारांत देतोय. घेऊ का? वापर असाच, डाळिंबाची बाग.

द्राक्षवाला_तासगाव
२० नोव्हेंबर २०२३

माझा अजून चालू आहे म्हणून उत्तर देतो. अँड्रॉइड १० वर आला होता, १२ वर थांबला, पुढं येणार नाही. बँकेचं आणि यूपीआयचं काम त्यावर करायचं असेल तर विचार करा, मी आता ते दुसऱ्या फोनवर नेलंय. साडेतीन वर्षांत कोणतीही बॅटरी बसते, माझी दोन दिवसांची एक दिवसावर आली. एक दिवस म्हणजे पण पूर्ण एक दिवस हं. विकणाऱ्याला विचारा स्क्रीन मूळची आहे का. दुकानात बघू नका, दुपारी बारा वाजता रस्त्यावर उभं राहून बघा.

हे का सांगतोय? उन्हाळ्यात ट्रॅक्टरवरून उतरताना माझा पडला. टफन मागच्याच आठवड्यात निघालं होतं, नवं लावू लावू म्हणत राहिलं होतं. मिरजेच्या काकांनी सांगितलेलं सगळं आठवत होतं, तरी गावातल्या एका दुकानात "हुबेहूब आहे" म्हणाले आणि निम्म्या पैशात फोल्डर बसवून घेतला. घरी एकदम झकास. दुसऱ्या दिवशी बागेत गेलो, फोन वर धरला, आणि तीन वर्षांनी परत माझंच तोंड दिसलं.

सोल्डर_मिरज
२० नोव्हेंबर २०२३

मालक, एक फोन करायचा होता.

द्राक्षवाला_तासगाव
२० नोव्हेंबर २०२३

कुठल्या तोंडानं करणार काका. सध्या डोक्यावरून टॉवेल घेऊन, फोन आणि मी दोघं त्याच्या आत, असं पान बघतोय. परवा बांधावरून शेजारी ओरडला, "कुणाचा फोटो काढतोयस रे, जुन्या स्टुडिओवाल्यासारखा?" मूळ फोल्डरचा काय दर आहे ते कळवा. माल गेला की येतो.