ज्येष्ठांसोबत गोधडी शिवायची आहे, सुरुवात कशी करू?

प्रश्न: ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत दहा-बारा आजी-आजोबांना जमवून गोधडी शिवायची आहे. कापड कुठलं घेऊ, सगळ्यांना बसवू कसं?

उत्तर १: साडेपाच मीटरची जुनी सुती साडी तिहेरी घडी केली की एका माणसाची गोधडी होते. नायलॉन नको, थर सरकतात. आधी मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. कडेपासून सुरुवात केली तर मधे झोळ येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही.

उत्तर २: जमिनीवर नको, गुडघे बोलतात. दोन टेबलं जोडा, चारही बाजूंनी बसवा म्हणजे गप्पाही रंगतात. सुया मोठ्या नेढ्याच्या, दोरा हातभरच. लांब दोरा गुंततो. वीसेक सुया आधीच ओवून ठेवा.

उत्तर ३: आजोबांना ठिगळं कापायला, रंग जुळवायला द्या. कुणाचा धावदोरा वाकडा गेला तरी परस्पर उसवू नका, फार मनाला लागतं.