शब्दचर्चा: टप्पा, पल्ला आणि बंदुकीवरची दुर्बीण

चर्चाप्रस्ताव

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. बंदुकीचे भाग भराभर लिहून झाले, कारण तिथे आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. नळी, दस्ता, चाप, घोडा आणि नळीच्या टोकावरची माशी. माशी हा शब्द तर मला फारच आवडतो. टोकाला बसलेला एवढासा काळा ठिपका, आणि सगळा नेम त्याच्यावर.

अडले ती 'स्कोप'पाशी, म्हणजे बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीपाशी. 'दुर्बीण' लिहिलं की पक्षी पाहायची दोन नळ्यांची दुर्बीण डोळ्यासमोर येते. शिवाय माहिती वाचताना दुसरीच गोष्ट लक्षात आली. शिकारीची स्कोप आणि लांबवर मारा करण्याची स्कोप यांच्या निवडीचे निकष जवळजवळ उलटे आहेत. एकीत जो गुण, तो दुसरीत अडचण. मग दोघींना एकच शब्द पुरेल का? 'शिकारी दुर्बीण' असं लिहिलं तर वाचताना खटकेल का?

प्रतिसाद १

बावीस वर्षं मुलांना रायफल शिकवतो आहे, म्हणून आधी एक खुलासा. तुमची मुलं ऑलिम्पिकच्या वाटेने जाणारी असतील तर त्यांच्या रायफलवर स्कोप नसतेच. १० मीटर एअर रायफल काय किंवा ५० मीटर रायफल काय, लक्ष्य मोठं करून दाखवणारं साधन रायफलवर चालत नाही. डोळ्याजवळ बारीक भोकाची चकती, नळीच्या टोकाला एक कडं, आणि त्या कड्याच्या मधोमध काळं गोल लक्ष्य बसवायचं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक घेतलं ते असंच, उघड्या डोळ्याने. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. सदऱ्याचं बटण घ्या आणि पन्नास मीटरवर धरून बघा. हे पुस्तिकेत पहिल्या पानावर यायला हवं, नाहीतर दुर्बिणीशिवाय नेमबाजी होत नाही असा मुलांचा समज होईल.

आता शब्दाचं. तुम्हाला हवा असलेला भेद मराठीत आधीपासून आहे, फक्त तो दुर्बिणीच्या नावात नाही, अंतराच्या नावात आहे. इंग्रजीत अंतराला एकच शब्द वापरून काम भागवतात. आपल्याकडे दोन आहेत, टप्पा आणि पल्ला. सावज टप्प्यात येतं. पल्ला गाठायचा असतो. टप्पा म्हणजे हातातल्या हत्याराचा आवाका, आणि त्यात येण्याची वाट पाहायची असते. म्हणून शिकारीच्या भाषेत सगळं 'टप्प्यात आलं', 'टप्प्याबाहेर गेलं' असं बोललं जातं. पल्ला मात्र लांबच. लांब पल्ल्याची तोफ, लांब पल्ल्याची गाडी. जवळचा पल्ला असं सहसा कोणी म्हणत नाही.

दोन्ही स्कोप याच दोन शब्दांवर उभ्या आहेत. टप्प्याची दुर्बीण हवी ती बघण्यासाठी. झाडीत, मावळत्या उजेडात, घाईच्या वेळी सावज ओळखता यावं यासाठी. पल्ल्याची दुर्बीण हवी ती मुख्यतः मोजण्यासाठी. हजार मीटरवर .३०८ ची (म्हणजे ०.३०८ इंच जाडीची) गोळी शंभर मीटरवर जुळवलेल्या नेमापेक्षा दहा मीटरांहून जास्त खाली उतरते, वाराही तिला मीटर-दोन मीटर बाजूला नेतो. तिथे लक्ष्य नुसतं मोठं दिसून उपयोग काय? किती उचलायचं आणि किती सरकवायचं हे आकड्यात कळायला हवं, आणि तेवढंच, नेमकं, रायफलवर बसवता यायला हवं. म्हणून पल्ल्याच्या दुर्बिणीवरच्या घुंड्या मोठ्या, उघड्या आणि आकडे लिहिलेल्या असतात. टप्प्याच्या दुर्बिणीवर त्याच घुंड्या झाकणाखाली असतात. एकदा जुळवल्या की हात लावायचा नाही. खांद्यावर रायफल घेऊन झुडपांतून जाताना उघडी घुंडी घासून फिरली तर सगळा नेम गेला.

'शिकारी दुर्बीण' टाळाच. शिकारी कुत्रा म्हणजे शिकार करणारा कुत्रा. दुर्बीण शिकार करत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातल्या 'बघण्यासाठी' या शब्दाला माझ्याकडून दुजोरा. मी कोलोरॅडोत राहतो. महाराष्ट्रात असताना शिकारीशी संबंध येणं शक्यच नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सावज, हाका, मचाण, माग हे शब्द आपण पुस्तकांतच वाचले. इथे परवाना काढून हरणाची आणि एल्कची शिकार करता येते. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण खूपच मोठा प्राणी.

पहिल्या वर्षी मी दुकानदाराच्या सांगण्यावरून ५ ते २५ पट मोठं दाखवणारी, ५६ मिलिमीटरच्या भिंगाची, किलोभर वजनाची स्कोप घेतली. जास्त पट म्हणजे जास्त चांगली, असं त्याने सांगितलं आणि मला ते पटलं. इथे सूर्योदयाआधी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते, आणि जनावरं बाहेर पडतात ती नेमकी त्याच वेळी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाइनच्या झाडीतून एक मादी निघाली, साठ पावलांवर. माझी स्कोप दुपारी पलीकडचा उतार न्याहाळताना १८ पटीवर ठेवलेली, तशीच राहिलेली. डोळा लावला तर सगळं भिंग तपकिरी केसांनी भरलेलं. मान कुठली, खांदा कुठला, काही कळेना. घाईने ५ पटीवर आणली तर जनावर दिसलं, पण मधल्या रेघा इतक्या बारीक झाल्या की त्या काळोख्या झाडीत हरवूनच गेल्या. मी चाप ओढला नाही. ती शांतपणे पुढे निघून गेली.

याचा हिशेब सोपा आहे आणि पुस्तिकेत जरूर घाला. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. ४२ ला ६ ने भागलं तर ७ मिलिमीटर, म्हणजे अंधारात तरुण माणसाची बाहुली जेवढी उघडते साधारण तेवढा. ५६ ला १८ ने भागलं तर जेमतेम ३. मोठं भिंग असूनही चित्र मंद. दुसरं, पट वाढली की दिसणारा प्रदेश आक्रसतो. शंभर मीटरवर ३ पटीला दहा-अकरा मीटर रुंदीचं रान दिसतं, २५ पटीला दीड मीटरच्या आसपास.

रेघांची गोष्ट जरा किचकट आहे. काही स्कोपमध्ये पट वाढवली की रेघाही चित्राबरोबर मोठ्या होतात आणि कमी केली की बारीक होतात. मोजायला हे उत्तम, कारण रेघेवरच्या खुणांचं माप कुठल्याही पटीला तेच राहतं. शिकारीच्या बहुतेक स्कोपमध्ये रेघा आहेत तेवढ्याच जाड राहतात, चित्र फक्त लहानमोठं होतं. खुणांचं माप मग एकाच ठरावीक पटीला खरं असतं. पण टप्प्यातल्या जनावरासाठी मोजायचं काय आहे? रेघ दिसली पाहिजे, बास. आता माझ्या रायफलवर ३ ते ९ पटीची साधी स्कोप आहे, जाड रेघा मध्यापाशी बारीक होणारी. वजनही निम्म्याहून कमी.

त्या रेघांना आम्ही घरात 'फुली' म्हणतो. मुलीने सुरू केलं. चुकलं-बरोबरची फुली, तीच.

प्रतिसाद ३

फुली! हा शब्द घ्याच.

माझी एक भर. कॉलेजात एनसीसीला होतो. पॉइंट टू-टूची रायफल, २५ यार्डांवर लक्ष्य, पोटावर झोपून पाच गोळ्या. उस्ताद हिंदीत म्हणाले, 'शिस्त लो'. मला वाटलं, गडबड करू नका म्हणताहेत. शेजारच्या सीनियरने कुजबुजून सांगितलं की नेम धर. पुढे कळलं की लष्करी हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात आणि मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे हाच जुना अर्थ. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज अंगठ्यात घालतो ते कडंही. अंगठ्यावरून नेम, आणि मराठीत नेमावरून आजची शिस्त.

आणि 'नेम'चंही तेच बघा. मूळ नियम. रोजचा नेम, नेमाने वारी करणे, आणि नेम धरणे. म्हणजे मराठीत रोख धरायला जे दोन शब्द आहेत ते दोन्ही वागण्याच्या नियमाचेही शब्द आहेत. ज्याने तास-तासभर एकाच पवित्र्यात पडून श्वास सोडताना चाप दाबायचा सराव केला आहे त्याला यात काही नवल वाटणार नाही. माझं मत म्हणून 'नेमदुर्बीण'. जोडशब्द सोपा आहे, उच्चारायला अडत नाही, आणि पक्ष्यांच्या दुर्बिणीशी गोंधळ होत नाही.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

'नेमदुर्बीण' मान्य. पण मग दोन्ही प्रकारांना तेच सामान्य नाव ठेवा आणि भेद करताना 'टप्प्याची नेमदुर्बीण' आणि 'पल्ल्याची नेमदुर्बीण' म्हणा. पल्ल्याच्या दुर्बिणीसाठी 'वेध' शब्दही माझ्या मनात होता. वेध म्हणजे भेदणं, मत्स्यवेधातलं. आणि वेध म्हणजे ग्रहताऱ्यांची जागा मोजून पाहणंही, वेधशाळेतलं. मारणं आणि मोजणं एकाच शब्दात. पण मुलांना ग्रहणाचे वेध आठवतील, म्हणून आग्रह धरत नाही.

आग्रह धरतो तो दुसऱ्या शब्दाचा. घुंडी फिरवताना होणाऱ्या एका टकेने नेम किती सरकतो, हे सांगताना इंग्रजीत कोनाचं एक माप येतं, अंशाचा साठावा भाग. त्यासाठी लोक इंग्रजी आद्याक्षरं देवनागरीत लिहितात. कशाला? आपल्या पंचांगात ते माप रोज छापून येतं. अंश, कला, विकला. साठ कलांचा एक अंश, साठ विकलांची एक कला. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण ३० कला भरते. त्याचे तीस काप केले तर एक काप म्हणजे एक कला. शंभर मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, आणि बऱ्याच दुर्बिणींवर एक टक म्हणजे पाव कला, सात मिलिमीटरच्या जरा वर. 'पाव कला वर घे' असं मी सरावाला बोलून बघितलं. मुलांना समजावून सांगावं लागलं ते एकदाच.

दुसरं माप मिल. त्रिज्येच्या हजाराव्या भागाएवढा कंस जो कोन करतो तो. शंभर मीटरवर १० सेंटिमीटर, हजार मीटरवर बरोबर १ मीटर. दशमानात वाढलेल्या आपल्या मुलांना हेच माप सोपं जातं. याला मराठी शब्द शोधू नका, मिलच राहू द्या. मात्र एक गोष्ट ठळक लिहा: घुंडी कलेची असेल तर फुलीवरच्या खुणाही कलेच्याच हव्यात, मिलची असेल तर मिलच्याच. एका मापाची घुंडी आणि दुसऱ्या मापाची फुली असलेल्या दुर्बिणी अजूनही विकल्या जातात, आणि पल्ल्यावर तो हिशेब डोक्यात करत बसणाऱ्याचा वारा तोवर बदललेला असतो.

प्रतिसाद २ कडून पुन्हा

एक राहिलं. डोळा किंचित हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, त्याला काय म्हणायचं? टप्प्याच्या दुर्बिणीत हे बहुतेक वेळा कारखान्यातूनच शंभर मीटर किंवा शंभर यार्डांसाठी बसवलेलं असतं, पल्ल्याच्या दुर्बिणीत त्यासाठी डाव्या अंगाला वेगळी घुंडी असते.

चर्चाप्रस्तावकाकडून

खगोलशास्त्रात त्याला 'पराशय' आणि 'लंबन' असे दोन शब्द वापरलेले पाहिले आहेत. पण मुलांसाठी मी 'डोळा हलला की फुली हलते' असं वाक्यच लिहिणार आहे, शब्द नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तिकेतला मजकूर आता असा झाला आहे:

'नेमदुर्बीण: रायफलवर बसवायची एका नळीची दुर्बीण. आत फुली असते. वरची घुंडी नेम वर-खाली करते, उजवीकडची डावी-उजवीकडे. टप्प्याची नेमदुर्बीण हलकी, कमी पटीची, जाड फुलीची, झाकलेल्या घुंड्यांची. तिने आधी ओळखायचं. पल्ल्याची नेमदुर्बीण जड, जास्त पटीची, खुणांच्या फुलीची, उघड्या घुंड्यांची. तिने आधी मोजायचं. तुमच्या रायफलवर यातली कुठलीच नाही. तुमच्याकडे कडं आहे आणि डोळा आहे.'

शेवटची दोन वाक्यं पहिल्या प्रतिसादामुळे आली. 'झिरो करणे'ला मी 'नेम जुळवणे' लिहिलं आहे. कोणाच्या गावाकडे यासाठी जुना शब्द असेल तर जरूर कळवा, पुस्तिका छापायला अजून महिनाभर आहे.