मशीनगन कोअरचं स्मारक: किती मारले हे दगडावर कोरायचं असतं का?

रानवारा (धागाकर्ता)
लंडनला हाईड पार्क कॉर्नरच्या रहदारीत ब्रिटिश मशीनगन कोअरचं, म्हणजे मशीनगन चालवणाऱ्या खास दलाचं, स्मारक आहे. मधोमध बायबलमधला उघडानागडा दावीद, हातात गल्याथची, म्हणजे त्याने गोफणीने लोळवलेल्या राक्षसी योद्ध्याची, तलवार. दोन बाजूंना ब्राँझमधल्या व्हिकर्स मशीनगन, वर पुष्पचक्रं. खाली बायबलची ओळ: शौलाने (तेव्हाचा राजा) हजारांनी मारले, दाविदाने दहा हजारांनी. हे १९२५ मध्ये लावलं, पहिलं महायुद्ध संपून सात वर्षंही झाली नव्हती. गेलेल्यांच्या स्मारकावर मारलेल्यांची बढाई? आपल्या वीरगळांवर वीर पडताना दिसतो, वर स्वर्गात जाताना दिसतो. ते मला जास्त माणुसकीचं वाटतं.

हवालदारांचा नातू
युद्धाच्या सुरुवातीला दर बटालियनला जेमतेम दोन मशीनगन असायच्या. ऑक्टोबर १९१५ मध्ये ही कोअर उभी केली, १९२२ मध्ये गुंडाळलीसुद्धा. बंदूक मांडली की शत्रूच्या तोफा आधी तिलाच शोधणार, म्हणून सैन्यातच यांना 'सुसाइड क्लब' म्हणायचे. सुमारे १,७०,५०० जणांपैकी १३,७९१ ठार. जखमी, बेपत्ता, कैदी धरून ६२,०४९. तिघांत एकाहून जास्त! हा हिशेब त्याच स्मारकाच्या मागे कोरलाय. गेला होतात का मागे?

तिखटमीठ
इतके गेले म्हणून ती ओळ शोभते असं कुठंय? मुळात उपमाच फसलीय. दाविदाकडे गोफण होती हो. मिनिटाला पाचशेच्या आसपास गोळ्या झाडणारा तो गल्याथ, आणि रायफल घेऊन समोरून चालत येणारा तो दावीद. शिवाय गोष्ट पुढे वाचा: बायका नाचत ही ओळ गातात, शौलाचं डोकं फिरतं आणि तो दाविदावरच भाला फेकतो. ओळ निवडणाऱ्याने तिथेच पुस्तक मिटलेलं दिसतंय.

हवालदारांचा नातू
पाचशे गोळ्या कागदावर. नळीभोवतीच्या टाकीत चारेक लिटर पाणी, सलग मारा केला की काही मिनिटांत उकळायचं. वाफ दिसली की जागा कळली, म्हणून ती रबरी नळीने डब्यात सोडायची, थंड झालं की तेच पाणी परत ओतायचं. तिपाई एकाच्या खांद्यावर, बंदूक दुसऱ्याच्या, बाकीचे गोळ्यांच्या पट्ट्यांच्या पेट्या घेऊन चिखलातून. राक्षस असा पाणी वाहतो होय?

कोपऱ्यातला
तिथून काही पावलांवर तोफखान्याचं स्मारक आहे, तेही १९२५ चंच. त्यावर ब्राँझचा मेलेला शिपाई, तोंडावर त्याचाच कोट टाकलेला. तेव्हा लोक त्यावरही खवळले होते. म्हणजे मरण दाखवलं तरी बोंब, मारणं लिहिलं तरी बोंब.
बाकी, हा दावीद घडवणारा डर्वेंट वुड युद्धात वाँड्सवर्थच्या लष्करी इस्पितळात होता. चेहरे उडालेल्या सैनिकांना तो पातळ पत्र्याचे मुखवटे करून द्यायचा, कातडीच्या रंगाला रंग जुळवून. हे कळल्यापासून मला त्या ओळीपेक्षा दाविदाचा धडधाकट, कोवळा चेहराच जास्त अस्वस्थ करतो.

रानवारा
मुखवट्यांचं माहीत नव्हतं. आणि मागे गेलो नव्हतो, कबूल. माझ्या चारही फोटोंत समोरचीच बाजू आहे. पण मग आपले गेलेले मागे आणि मारलेले पुढे, हे कुठलं डोकं? उलटं लावलं असतं तर मी धागा काढलाच नसता.

हवालदारांचा नातू
काढला असतात. नागड्या दाविदावर.