रि: गोळ्यांचे पैसे आणि आईची इमर्जन्सी (जरा तातडीचं)

केदार:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. बायकोला दर महिन्याला तीन औषधं लागतात: थायरॉक्सिन, रक्तदाबाची आणि ॲसिडिटीची. इथे इंग्लंडमध्ये प्रत्येकी ९.९० पाउंड, म्हणजे महिन्याला जवळजवळ ३० गेले. गणपतीच्या मीटिंगला कुणीतरी म्हणालं होतं की थायरॉइडवाल्यांना फुकट असतं. फक्त ती एकच गोळी फुकट, की तिन्ही? दुसरं म्हणजे आई शनिवारी येतेय. तिची बायपास झालेली आहे. अचानक काही झालं आणि ए अँड ईत (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) न्यावं लागलं, तर बिल येतं का? आम्ही व्हिसाच्या वेळी माणशी वर्षाला १०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज भरला, तो तिला चालतो का?

शुभांगी:
केदार, तिन्ही फुकट. थायरॉइड कमी असून रोज थायरॉक्सिन घ्यावं लागत असेल तर मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिळतं आणि ते सगळ्याच प्रिस्क्रिप्शनना चालतं. जीपीच्या (आपल्या नेहमीच्या डॉक्टरच्या) रिसेप्शनवर एफपी ९२ए फॉर्म मागा. सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. मात्र ते लागू होण्याआधी फार्मसीत 'माफी आहे' अशी खूण करू नका. तपासणीत सापडलं तर औषधाच्या पैशांवर १०० पाउंडांपर्यंत दंड बसतो. तोवर पैसे भरा आणि भरतानाच परताव्यासाठी एफपी ५७ पावती मागून घ्या. नंतर देत नाहीत.
हे सगळं दिवाळीआधीच्या पत्रकात होतं. आरोग्याचे प्रश्न आधी समितीकडे यावेत असं ठरलंय, कृपया तसं करू या.

अविनाश:
शुभांगीताई, ते पत्रक जुन्या सभासदांच्या यादीवर गेलं होतं. उन्हाळ्यानंतर आलेल्या एकालाही ते मिळालेलं नाही. समितीकडे पाठवा म्हणता, पण समितीत कोण आहे हे नव्या माणसाला कसं कळणार?
केदार, सर्टिफिकेटच्या भानगडीत न पडता प्रीपेमेंट घेऊन टाक. वर्षाचे ११४.५० पाउंड, दहा हप्त्यांत भरता येतात, मग कितीही औषधं घ्या. आमच्या घरी तेच आहे. आणि दुकानाची साधी पावतीही चालते असं ऐकलंय.

शुभांगी:
साधी पावती चालत नाही. एफपी ५७च लागते आणि पैसे भरल्यापासून तीन महिन्यांत परतावा मागावा लागतो. अविनाश, अशी ऐकीव माहिती यादीवर टाकू नका, लोकांचे पैसे जातात. ज्याला माफी मिळू शकते त्याने ११४.५० तरी का भरावेत? ज्यांना माफी नाही आणि वर्षाला बारा किंवा जास्त औषधं लागतात, त्यांना प्रीपेमेंट बरं. नवे सभासद यादीत नाहीत हे मात्र खरंय. सचिवांनी पत्ते दिले तर आजच पत्रक पाठवते.

वसुधाकाकू:
पावत्यांचं चालू द्या, केदारच्या आईचं राहिलंच.
केदार, सरचार्ज ज्याने भरला त्याचाच. भेटीच्या व्हिसावर आलेल्या आईला तो लागू नाही. पण ए अँड ईतल्या तपासणीचे, उपचारांचे पैसे कुणालाच पडत नाहीत. वॉर्डात ॲडमिट केलं की पाहुण्यांचं बिल सुरू होतं, तेही एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट.
आमचे मामंजी आले होते तेव्हा मध्यरात्री छातीत दुखायला लागलं. ते म्हणाले, "गॅस असेल, सकाळपर्यंत बघू, उगाच तुमचा खर्च." मी ऐकलं नाही, ९९९ हा इमर्जन्सी नंबर लावला. पॅरामेडिकनी सोफ्यावरच ईसीजी काढला आणि तसंच उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले, सकाळ झाली असती तर कठीण होतं. त्या रात्री पैशांचं कुणी विचारलंसुद्धा नाही. तातडीचा उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, बिल मागून येतं.
ते आलंच, काही हजारांचं. आणि विमा कंपनीने हात वर केले, कारण फॉर्म भरताना जुनी अँजिओप्लास्टी एजंटने लिहिलीच नव्हती. हप्त्यांनी फेडलं. बिल दाबून ठेवू नकोस हो. ५०० पाउंड किंवा जास्त दोन महिने थकले तर पुढच्या व्हिसाला आडवे येतात. आईचा विमा बायपास नोंदवूनच घे. हप्ता वाढेल, वाढू दे.

निखिल:
काकूंच्या मुद्द्याला जोडून. आईंच्या औषधांच्या यादीत ब्रँडऐवजी मूळ नावं लिहा. इकोस्प्रिन, टेल्मा म्हटलं की इथले डॉक्टर नुसते बघत राहतात. 'ॲस्पिरिन ७५, टेल्मिसार्टन ४०' असं लिहून कागद पासपोर्टमध्ये ठेवा. ट्रामाडॉल किंवा प्रीगॅबालिन आणणार असतील तर डॉक्टरांचं पत्र हवंच, इथे ती नियंत्रित औषधं आहेत.
साध्या डोकेदुखीला महाग ब्रँड घेऊ नका. खोक्यावर बारीक अक्षरात पीएल नंबर असतो. दोन खोक्यांवर तो एकच असेल तर औषध एकच, किंमत तेवढी वेगळी.

अविनाश:
निखिल, घसादुखी, मुलांच्या कानदुखीला फार्मसी फर्स्ट आहे, हेही नव्यांना सांगायला हवं. जीपीची वाट न बघता फार्मासिस्टच गरज पडली तर अँटिबायोटिक देतो. आणि जिवाला धोका नाही पण थांबताही येत नाही अशा वेळी १११ला फोन. दुभाषा मागता येतो, माझ्या सासूबाईंनी मागितला होता. शुभांगीताई, हे पत्रकात घाला.

शुभांगी:
१११ पत्रकात पहिल्या पानावर आहे. दुभाष्याचं घालते.

केदार:
सगळ्यांचे मनापासून आभार. एफपी ९२ए भरून रिसेप्शनवर दिला. आज गोळ्या घेताना एफपी ५७ मागितली. काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नव्हती, फार्मासिस्टबाईंनी आतून आणून दिली. विम्याचा फॉर्म आज रात्री भरतोय. काकू, त्यात 'गेल्या वर्षभरात औषध बदललं का' असं विचारलंय. आईची गोळी तीच आहे, फक्त डोस वाढवलाय. तेही लिहायचं का?

वसुधाकाकू:
लिही. तारखेसकट लिही.