फसफसलेली बाटली (घरचा ग्रुप)

काकू: काल लिंबाच्या रसाची बाटली उघडली तर झाकण टक्कन उडालं, वर फेस! फ्रीजमध्येच होती, १५ दिवस झाले असतील. एवढं आंबट लिंबू, ते कसं खराब होतं?

आत्या: अगं १५ दिवस? पिळलेला रस फ्रीजमध्ये ३-४ दिवस धर. आंबटाला बरेच जंतू टिकत नाहीत, पण यीस्ट नि बुरशीला तेच चालतं. तो फेस यीस्टच्या गॅसचा. ओतून टाक, चव बघू नकोस.

काकू: बघितली 🙈

वहिनी: काकू, मी ट्रेमध्ये गोठवते. एका खणात १५ मिली, म्हणजे मोठा एक चमचा, त्यामुळे मापही आपोआप होतं. खडे कडक झाले की पिशवीत भरायचे, हवा दाबून काढायची. उघड्या ट्रेत राहिले की फ्रीजरचा वास लागतो. ३-४ महिने छान राहतात.

दादा: पिशवीवर नाव लिहा प्लीज. मी बर्फ समजून थंड दुधात दोन टाकले होते.

वहिनी: आणि वर मलाच विचारलंस, दूध शिळं होतं का 😂

ताई: संत्र्याचाही असाच ठेवायचा ना? माझा सकाळी गोड होता, रात्री कडूजहर. बिया तर काढल्या होत्या.

आत्या: नुसत्या बियांचं नाही गं. फोडींच्या पापुद्र्यात नि सालीच्या पांढऱ्या भागात एक पदार्थ असतो, तो मुळात कडू नसतो. रसात उतरला की आंबटपणाने हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, ते कडू. नेव्हल जातीच्या संत्र्यात जास्तच. म्हणून चोथा पिळपिळून काढायचा नाही, लगेच गाळायचा आणि पिऊन टाकायचा. संत्र्याच्या रसाच्या साठवणीच्या फंदात मी तरी पडत नाही.

काका: ती टिकवायची पावडर मिळते ना, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट? एकदा घातली की काम झालं.

आत्या: त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो. तुझा इनहेलर कुठंय?

काका: बरं. मग उकळून भरतो.

आत्या: टिकेल, पण शिजल्यासारखा लागेल.

दादा: काचेच्या बाटलीत भरून थेट फ्रीजरमध्ये?

वहिनी: गळ्यापर्यंत भरलीस तर तडकेल, रस गोठताना फुगतो. वर दोन बोटं जागा सोड. फ्रीजमधल्या बाटलीचं उलट, ती काठोकाठ भरायची. आत हवा राहिली की क जीवनसत्त्व जातं.

काकू: वन्सं, लिटरभर रस आहे आणि ट्रे एकच, १२ खणांचा.

आत्या: म्हणजे ५-६ फेऱ्या! पिळलीस कशाला सगळी? कोरडी पुसून बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवलीस तर आख्खी लिंबं ३-४ आठवडे सहज राहतात.

काका: तिने नाही, मी पिळली. बोटाला चीर होती, ते पिळायला लागल्यावर कळलं.