ड्राफ्टमध्ये नाव नाही आलं तर रनिंग बॅकचं पुढे काय होते?

रात्रपाळी_धंतोली: रविवारी रात्री साडेदहाला आमच्या रूमवर एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग लागते, तीन सीझन झाले पाहून राहिलो. रनिंग बॅक म्हणजे बॉल छातीशी धरून गर्दीत घुसणारा, एवढं कळते. पण ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडतात त्यात, सात राउंडमध्ये अडीचशेच्या वर पोरं उचलतात, त्यातही ज्याचं नाव नाही आलं तो टीममध्ये येते कुठून? माझा लहान भाऊ मागच्या आठवड्यात क्रिकेटच्या ट्रायलमधून आला, लिस्टमध्ये नाव नव्हतं, तेव्हापासून किटबॅग उघडली नाही त्यानं. त्याले खरी गोष्ट सांगायची आहे, उगाच गोड गोड नको.

सक्करदरा_एक्सप्रेस: ड्राफ्ट संपला की राहिलेल्या पोरांना टीमचे फोन लगेच सुरू होतात भाऊ. कॅम्पला नव्वद पोरं, सीझन लागायच्या आत त्रेपन्न ठेवतात, बाकीच्यांतले थोडे प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये म्हणजे आठवडाभर सराव करायचा अन् मॅचच्या दिवशी बाहेर बसायचं. भावाला रनिंग बॅक रहीम मोस्टर्ट दाखव. २०१५ मध्ये कोणी घेतला नाही, मग ईगल्स, डॉल्फिन्स, रेव्हन्स, ब्राउन्स, जेट्स, बेअर्स, सहाही टीमनी सोडला. कोणत्या तारखेला कोणी काढलं ते लिहून ठेवलं होतं त्यानं अन् मॅचच्या आधी वाचायचा. सातव्या टीमनं, फोर्टीनाइनर्सनी ठेवला तो बॉल घेऊन पळायला नाही, किकऑफला म्हणजे बॉल लांब मारून खेळ सुरू होते तेव्हा समोरच्याच्या अंगावर धावत जाऊन त्याला पाडायला. त्या कामाला कोणी टाळ्या नाही वाजवत, पण बिनड्राफ्टचा पोरगा तिथूनच आत शिरते. जानेवारी २०२० मध्ये पॅकर्सविरुद्ध बॉल घेऊन २२० यार्ड पळाला, चार टचडाउन म्हणजे चारदा बॉल शेवटच्या रेषेपार नेला, त्या मॅचनं टीम सुपर बोलमध्ये म्हणजे फायनलमध्ये गेली. अन् एका सीझनमध्ये हजार यार्ड पहिल्यांदा केले ते २०२३ मध्ये, वय ३१!

खामल्याची_काकू: माझा मुलगा तिकडे शिकतो, त्याच्यामुळे मीपण बघते. एरियन फॉस्टर २००९ ला असाच राहिला होता, २०१० मध्ये १६१६ यार्ड, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण नंतर दुखापती, २०१६ मध्ये मधेच खेळ सोडला. या जागेवर शरीर फार लवकर झिजतं, हेही सांगा हो त्याला. म्हणूनच कॉन्ट्रॅक्टची एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ड्राफ्टवाला चार वर्षं बांधला जातो आणि न घेतलेला तीन, म्हणजे चांगला खेळला तर पाय ताजे असतानाच मोठ्या पैशांचं बोलणं होतं. ऑस्टिन एकेलरला २०२० मध्ये असंच चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, २०१७ ला त्यालाही कोणी घेतलं नव्हतं.

जामठा_लोअर_स्टँड: एवढ्या दूर कायले जाता राजेहो, आपला उमेश यादव आहे ना. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, पोलीस भरतीत निवड नाही झाली, विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळला अन् २०११ मध्ये टेस्ट.

रात्रपाळी_धंतोली: काल भावाला पॅकर्सवाली मॅच लावून दिली. चौथ्या टचडाउनला विचारलं हा आधी कुठं होता, मी सहाही नावं सांगितली. मग बराच वेळ गप्प. आता विचारते की किकऑफला धावणाऱ्याचं काम क्रिकेटमध्ये कोणतं, मी म्हटलं शॉर्ट लेगला उभं राहणं. बरोबर सांगितलं का?